गाडी सांभाळून घेत होती

एक लिटर पेट्रोल नीट जळायला साधारण ९,००० लिटर हवा लागते. हा हिशोब मी पहिल्यांदा केला तेव्हा उत्तर दोनदा तपासलं. पेट्रोलच्या वजनाच्या १४.७ पट हवा हे प्रमाण तसं पाठ होतं, इंजिनिअरिंगच्या परीक्षेत ते दोन मार्कांना येतं. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे हवा ११ किलो. एक घनमीटर हवा साधारण १.२ किलोची. भागाकार केला की ९ घनमीटर. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात येणारा पाण्याचा टँकर १०,००० लिटरचा असतो. पंपावर आपण मीटरचा शून्य बघून घेतो, पावती मागतो, आणि त्याच पेट्रोलच्या प्रत्येक लिटरमागे गाडी जवळजवळ टँकरभर हवा ओढते, तिच्याकडे मात्र कुणी बघत नाही.

ती हवा कुणाला तरी मोजावीच लागते. इंधन किती सोडायचं ते गाडीतला कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, ठरवतो. पण आत हवा किती आली हे कळल्याशिवाय त्याला काहीच ठरवता येत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्या इनटेक मॅनिफोल्डमधला दाब आणि तापमान मोजून हवेचा अंदाज बांधतात. काही गाड्यांत मात्र हवा थेट मोजली जाते. एअर फिल्टरच्या डब्यातून जाड पाइप इंजिनाकडे जातो, त्याच्या तोंडाशी एक काळा प्लास्टिकचा तुकडा दोन स्क्रूंनी बसवलेला असतो. तो मास एअरफ्लो सेन्सर, थोडक्यात मॅफ. डिझेल गाड्यांतही तो असतो, पण तिथे त्याचं मुख्य काम वेगळं, धुराड्यातला वायू किती परत फिरवायचा ते ठरवायला मदत करण्याचं. मी सांगतेय ती गोष्ट पेट्रोल गाडीची आहे.

मॅफ काम कसा करतो हे समजायला बशीतला चहा पुरतो. फुंकर मारली की चहा निवतो, जोरात मारली की लवकर निवतो. सेन्सरच्या आत एक बारीक तार किंवा पातळ पापुद्रा असतो. आत येणाऱ्या हवेपेक्षा तो शंभराहून अधिक अंशांनी गरम ठेवायचा, एवढंच काम. हवा त्याला थंड करायला बघते, सर्किट करंट वाढवून त्याला पुन्हा गरम करतं. किती करंट द्यावा लागला, त्यावरून किती हवा गेली ते कळतं. बारावीच्या फिजिक्स प्रॅक्टिकलला मीटर ब्रिजवर जॉकी सरकवत आपण जो 'नल पॉइंट' शोधतो, त्याच व्हीटस्टन ब्रिजवर हे चालतं. वारा आणि गरम तार यांच्यातलं गणित एल. व्ही. किंग यांनी १९१४ साली मांडलं. त्याला आजही किंग्ज लॉ म्हणतात. तारेची उष्णता हवेच्या वेगाच्या साधारण वर्गमुळाच्या प्रमाणात जाते.

आता या तारेवर धूळ बसली, तेलाची वाफ चिकटली, की तिला स्वेटर घातल्यासारखं होतं. हवा तेवढीच येते, पण तार पहिल्याइतकी थंड होत नाही. करंट कमी लागतो. सेन्सर सांगतो, हवा कमी आली. तो बंद पडत नाही, एरर देत नाही, आकडा देत राहतो. फक्त आकडा थोडा खोटा असतो.

जुन्या सेन्सरांत यावर एक उपाय होता. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बॉशची एलएच-जेट्रॉनिक ही इंधनप्रणाली आली, तिच्यात प्लॅटिनमची तार होती. गाडी बंद केली की ती तार सुमारे एक सेकंद १,००० अंशांपर्यंत तापवली जायची, म्हणजे दिवसभराची घाण जळून जावी. रोज रात्री स्वतःला भाजून स्वच्छ होणारी तार. पुढे पापुद्र्याचे सेन्सर आले, घाण टाळण्याच्या नव्या रचना आल्या आणि ही पद्धत मागे पडली. घाण मात्र अजूनही बसतेच.

*

बाबांची गाडी २०१४ची. पेट्रोल सेडान, दीड लिटरचं इंजिन, सेकंड हँड. रिटायर झाल्यावर त्यांनी स्वतःसाठी घेतलेली ही पहिली मोठी वस्तू. त्याआधीची ३१ वर्षं भोसरी एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये गेली. तिथे ते सेटर होते. पत्र्यातून पार्ट कापणारी, वाकवणारी डाय प्रेसमध्ये बसवायची, पहिले काही पार्ट काढून मोजायचे, सगळं बरोबर असेल तर मशीन ऑपरेटरच्या ताब्यात द्यायचं. लहानपणी मला त्यांच्याबद्दल सगळ्यात भारी वाटायचं ते हे, की डाय कुठे घासतेय ते त्यांना आवाजावरून कळायचं. कंपनीतले लोक घरी आले की तेच सांगायचे. 'हे नुसते शेजारून गेले तरी मशीन थांबवायला सांगायचे.'

मी मेकॅनिकलला गेले ती याच घरातून. वर्गात आम्ही पाच मुली. चार वर्षांत ड्रॉइंगच्या शीट काढल्या, जर्नल लिहिली, व्हायवा दिल्या. लॅबमध्ये चार सिलिंडरचं एक कापलेलं इंजिन होतं, रंगवलेलं, हँडल फिरवलं की पिस्टन वरखाली व्हायचे. चालू इंजिनाला हात लावायची वेळ आली नाही. मग कॅम्पसला सॉफ्टवेअर कंपनी आली, वर्गातल्या निम्म्याहून जास्त जणांबरोबर मीही तिकडे गेले. आता हिंजवडीत बॅकएंडवर काम करते. लग्नाच्या बायोडेटावर 'बी.ई. मेकॅनिकल' आहे, लिंक्डइनवर 'जावा'.

गेल्या दिवाळीनंतर गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. त्याआधी काही महिने ॲव्हरेज १६ वरून १३ वर आलं होतं आणि घाटात गाडी 'ओढत नाही' अशी बाबांची तक्रार होती. गॅरेजमध्ये एकदा दिवा घालवून दिला, आठवड्यात परत आला. दुसऱ्यांदा सांगितलं, एअरफ्लो सेन्सर गेलाय, नवीन टाका. ओरिजिनलची किंमत ऐकून बाबा गाडी घेऊन घरी आले आणि मला फोन केला. म्हणजे फोन आईने लावला, बोलले बाबा.

'तुझ्या त्या लॅपटॉपला गाडी जोडता येते का?'

लॅपटॉपची गरज नव्हती. स्टीअरिंगच्या खाली १६ पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात काडेपेटीएवढा ब्लूटूथ डोंगल खोचला आणि फोनवर ॲप टाकलं की गाडी आपल्याशी बोलायला लागते. मी शनिवारी निगडीला घरी गेले, डोंगल लावला. कोड होता पी०१७१. इंजिनात इंधनाच्या मानाने हवा जास्त आहे, मिश्रण पातळ आहे, एवढाच त्याचा अर्थ. कोड आजाराचं नाव सांगत नाही, ताप आलाय एवढंच सांगतो.

खरी माहिती पुढच्या पानावर होती. तिथे 'फ्युएल ट्रिम' नावाचे दोन आकडे असतात. एक त्या क्षणाचा, दुसरा लांब पल्ल्याचा.

*

फ्युएल ट्रिम समजावून घेताना मला आमच्या ऑफिसातली एक सर्व्हिस आठवली. तिच्यात मेमरी लीक होती. कधीतरी कुणीतरी रात्री तीन वाजता ती आपोआप रीस्टार्ट होईल अशी सोय करून ठेवली होती. दीड वर्ष सगळं सुरळीत चाललं. ट्रॅफिक वाढला आणि ती संध्याकाळीच कोसळायला लागली तेव्हा कुठे लीकचा शोध सुरू झाला. दीड वर्षाचे लॉग साफ होते. सोय इतकी चांगली होती की आजार दिसलाच नाही.

गाडीत ही सोय कारखान्यातूनच येते. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो. जळून बाहेर पडलेल्या वायूत ऑक्सिजन उरला असेल तर तो सांगतो, इंधन कमी पडलं. मग ईसीयू मॅफने सांगितलेल्या आकड्यावर थोडं इंधन वाढवून देतो. दोन टक्के, पाच टक्के. हीच दुरुस्ती सतत लागायला लागली की तो ती लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी आधीच वाढवून देतो. तो लांब पल्ल्याचा ट्रिम. थोडक्यात, एक सेन्सर खोटं बोलतोय हे ईसीयूला कळलेलं असतं, पण तो बोभाटा करत नाही. सांभाळून घेतो. ट्रिम २० ते २५ टक्क्यांच्या आसपास गेला, आता आणखी सांभाळणं शक्य नाही, तेव्हा पिवळा दिवा लावतो.

म्हणजे दिवा लागतो तो दिवस बिघाडाचा पहिला दिवस नसतो. सांभाळून घेण्याची मर्यादा संपल्याचा तो दिवस असतो.

गाडी उभी असताना दोन्ही ट्रिम मिळून अधिक ५ टक्के दिसत होते. ॲक्सिलरेटर दाबून २,५०० आरपीएमला धरला तर अधिक १६. हा फरक महत्त्वाचा. कुठला पाइप फाटून चोरटी हवा आत येत असती तर उलटं झालं असतं. उभ्या गाडीत इंजिन थोडीच हवा घेतं, त्यात चोरटी हवा जास्त जाणवते, वेग वाढला की तिचा वाटा कमी होतो. इथे हवा वाढेल तशी चूक वाढत होती. बोट मॅफकडे जात होतं. पण बिघाड आहे की नुसती घाण, हे सेन्सर बाहेर काढल्याशिवाय कळणार नव्हतं.

'आधी चालवून बघू,' बाबा म्हणाले. 'लोडवर मोज. बिनलोडाच्या मापाला अर्थ नसतो.'

सेटरचं म्हणणं बरोबर होतं. तसंही रविवारी गावी जायचंच होतं.

*

आमचं गाव कोरेगाव तालुक्यात. पुण्याहून निघालं की खंबाटकी घाट चढावा लागतो. बाबा गाडी चालवत होते, मी फोन घेऊन पुढे बसले होते, आई मागे. एरवी पुढची सीट आईची असते.

घाट लागला. बाबांनी चौथ्यावरून तिसरा टाकला. ट्रिमचा आकडा चढत गेला, १७, १९, २०. आणि पहिल्या मोठ्या वळणानंतर बॉनेटच्या आतून एक आवाज यायला लागला. पत्र्याच्या डब्यात बारीक खडे हलवावेत तसा. किणकिण, थांबून परत किणकिण.

हा नॉकिंगचा आवाज. मॅफ हवा कमी सांगतो, म्हणून ईसीयूला वाटतं इंजिनावर भार कमी आहे, म्हणून तो ठिणगी जरा लवकर पाडतो. भार खरा तर जास्त असतो. मग सिलिंडरमधलं काही मिश्रण आपल्या पाळीची वाट न बघता स्वतःच पेटतं, आतल्या वायूला हादरे बसतात आणि ते सिलिंडरच्या भिंतींवरून बाहेर ऐकू येतात. यासाठीही सोय असते. इंजिनाच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर बसवलेला असतो, इंजिनाचा कानच तो. त्याला हा आवाज लागला की ठिणगी उशिरा पाडली जाते. किणकिण थांबते, ताकद कमी होते. 'ओढत नाही' ते यामुळे. म्हणजे एकाचं खोटं दोघं मिळून सांभाळत होते.

'बाबा, हाच आवाज. ऐकू येतोय ना?'

'कसला आवाज?'

'आता येतोय तो. किणकिण.'

त्यांनी मान जरा पुढे केली. 'काही नाही. गाडी स्मूथ आहे.'

मी मागे वळून आईकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. मग तीच जरा मोठ्याने म्हणाली, 'अहो, मागून एसटी येतेय, डावीकडे घ्या.' आरशात एसटी दिसायच्या आधी. एसटीचा हॉर्न दोनदा वाजून गेला होता.

मग काही गोष्टी आपोआप ओळीने उभ्या राहिल्या. आईला एसी 'बाधतो', म्हणून मे महिन्यातही तिच्या बाजूची काच चार बोटं खाली असते. घरातला फोन तीच उचलते. बाबांशी बोलायच्या आधी ती त्यांच्या समोर जाऊन उभी राहते, मग बोलते. पाहुण्यांचं बोलणं झालं की 'अहो, ते म्हणतायत की' असं सुरू करून सगळं एकदा परत सांगते. मला वाटायचं ती तिची बोलायची पद्धत आहे.

*

पुढच्या रविवारी आम्ही सेन्सर साफ केला. तुमच्या गाडीत मॅफ असेल आणि हे घरी करायचं असेल, तर अवघड काही नाही, पण घाई करायची नाही.

मॅफसाठीचा वेगळा स्प्रे मिळतो, काहीशे रुपयांना. तोच घ्यायचा. तो पटकन उडून जातो आणि मागे काही ठेवत नाही. कार्ब्युरेटर क्लीनर किंवा ब्रेक क्लीनर मारायचा नाही, ते कडक असतात, प्लास्टिक आणि पापुद्रा दोन्ही खराब करू शकतात. इंजिन थंड हवं, चावी काढलेली हवी. बाबांनी दहा नंबरचा पाना घेऊन बॅटरीची मायनस वायर सोडवली. त्याने ईसीयूने लक्षात ठेवलेला ट्रिमही बहुतेक गाड्यांत पुसला जातो, नवा हिशोब कोऱ्या पाटीवर सुरू होतो.

मी कनेक्टरची क्लिप दाबून वायर काढली. वायर ओढायची नाही, कनेक्टर धरायचा. स्क्रू काढायला मी हातात आला तो स्क्रू ड्रायव्हर घेतला, तर बाबांनी तो काढून घेतला आणि त्या खाचेत घट्ट बसणारा दुसरा दिला. काढलेले दोन्ही स्क्रू त्यांनी स्टीलच्या झाकणात ठेवले, झाकण बॅटरीवर नाही, खाली जमिनीवर. एकतीस वर्षांची सवय. चालू मशीनच्या वर काही ठेवायचं नाही.

सेन्सर बाहेर आला. बोटभर लांबीचा. त्याच्या खिडकीत उजेड धरला तर आतल्या पापुद्र्यावर करडा, किंचित चिकट थर दिसत होता. एअर फिल्टर काढून बघितला तेव्हा कारणही कळलं. स्वस्तातला फिल्टर, त्याची कड एका बाजूने नीट बसलेली नव्हती. तिथून धूळ फिल्टरला वळसा घालून आत जात होती. सेन्सर साफ करून हाच फिल्टर परत लावला असता तर सहा महिन्यांत पुन्हा तेच. आदल्या दिवशी आणलेला नवा फिल्टर तयार होता.

सेन्सरला हात लावायचा नाही, कापसाची काडी नाही, ब्रश नाही, हवेचा प्रेशर तर नाहीच. तोंडाने फुंकरही नको, थुंकी उडते. सहा इंचांवरून स्प्रेचे दहा-पंधरा छोटे फवारे, चहूबाजूंनी. खाली टपकणारे थेंब आधी चहाच्या रंगाचे होते, मग पाण्यासारखे झाले. त्यानंतर अर्धा तास वाळू दिला. स्प्रे ज्वालाग्राही असतो, ओला सेन्सर बसवून गाडी चालू करायची नाही.

त्या अर्ध्या तासात आम्ही पार्किंगमध्ये पायरीवर बसलो होतो. मी बाबांना ट्रिमचं सगळं सांगितलं. समोर बसून, आईसारखं. सेन्सर चुकीचं सांगत होता, कॉम्प्युटर इंधन वाढवून सांभाळून घेत होता, नॉक सेन्सर ठिणगी मागे घेऊन सांभाळून घेत होता, म्हणून इतके महिने गाडी चालली. बाबांनी सगळं ऐकलं. बराच वेळ झाकणातल्या स्क्रूंकडे बघत राहिले.

'घाटात तो आवाज नक्की येत होता?'

'हो.'

'किती मोठा?'

'बराच.'

आई चहा घेऊन खाली आली होती. त्यांनी तिला विचारलं, 'तुला येत होता?'

आई लगेच बोलली नाही. मग म्हणाली, 'गणपतीच्या आधीपासून येतोय.'

'मग सांगितलं का नाहीस?'

'काय सांगू? तुम्ही म्हणाला असता, कुठे येतोय. मग मी काय सांगू?'

बाबांनी यावर काही उत्तर दिलं नाही. चहा घेतला. कप ठेवून उठले, सेन्सरचा ओ-रिंग अंगठ्याने तपासला, कुठे चीर नाही ना ते बघितलं आणि म्हणाले, 'चल, वाळला.'

गाडी चालू केली. पहिली मिनिटभर ती जरा वरखाली झाली, मग स्थिर झाली. २,५०० आरपीएमला मॅफचा आकडा आधी सेकंदाला ६.१ ग्रॅम होता, आता ७.१. हवा तेवढीच, इंजिन तेच, फक्त खरं सांगायला लागलेलं. दोन आठवड्यांनी ट्रिम अधिक २ ते ३ टक्क्यांत स्थिरावला. दिवा परत लागला नाही. घाटातली किणकिण गेली.

*

कानाची तपासणी बाबांनी स्वतःच ठरवली. मला फक्त चिंचवडला सोडायला सांगितलं. काचेच्या बंद खोलीत बसवतात, हेडफोन लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. २५० हर्ट्झपासून ८,००० हर्ट्झपर्यंत, एकेक स्वर, हळूहळू बारीक करत. शेवटी आलेख हातात देतात.

बाबांनी तो इन्स्पेक्शन रिपोर्ट वाचतात तसा वाचला. खालच्या स्वरांना रेषा जवळजवळ ठीक. २,००० नंतर घसरण. ४,००० वर खोल खड्डा. बाई म्हणाल्या, मशीनच्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्यांचा आलेख असाच दिसतो, आवाजाने आधी हाच भाग जातो. कानाच्या आतल्या ज्या बारीक केसांच्या पेशी आवाज पकडतात, त्या माणसात एकदा गेल्या की परत येत नाहीत.

त्या आलेखात घाटातला प्रसंग सरळ दिसत होता. नॉकिंगचा स्वर किती उंच ते सिलिंडरच्या व्यासावर ठरतं, आमच्या गाडीएवढ्या इंजिनात तो ७,००० हर्ट्झच्या आसपास पडतो. बाबांच्या कानात नेमकी तीच जागा रिकामी होती. इंजिनाची घरघर खालच्या स्वरांत असते, ती त्यांना ऐकू येत होती, म्हणून गाडी 'स्मूथ' होती. भाषेचंही तसंच. 'आ', 'ओ' हे खालच्या स्वरांत, 'स', 'श', 'फ' वरच्या. त्यामुळे कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. भाजीवाला 'साठ' म्हणाला की बाबांना 'आठ' ऐकू येतं. म्हणून ते म्हणायचे, हल्ली लोक पुटपुटतात.

कंपनीत इअरप्लग मिळायचे, हे त्यांनी गाडीत सांगितलं. पण ते घातले की डायचा आवाज कळत नाही, म्हणून सेटर लोक ते खिशात ठेवायचे. मशीनचं ऐकणं हेच तर त्यांचं कसब होतं. आवाजाने होणारं बहिरेपण फॅक्टरी ॲक्टच्या तिसऱ्या अनुसूचीत नोंद करायच्या व्यवसायजन्य आजारांमध्ये होतं, हे मी नंतर शोधून काढलं आणि बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, 'मग आमच्या अख्ख्या शॉपची नोंद करावी लागेल.'

सेन्सर आणि कान एकसारखे नाहीत, हे इथे नीट म्हणून ठेवते. सेन्सरवर घाण होती, खाली सगळं शाबूत होतं, म्हणून काहीशे रुपयांच्या स्प्रेने काम झालं. झीज झालेली असती तर नवाच लागला असता. कानातली झीज आहे, तिथे स्प्रे नाही आणि नवा पार्टही नाही. हिअरिंग एड म्हणजे परत एक प्रकारचा ट्रिमच. जिथे कमी पडतंय तिथे तेवढं वाढवून द्यायचं.

पण या ट्रिममध्ये एक फरक आहे आणि मला सगळ्यात जास्त तोच महत्त्वाचा वाटतो. ऑडिओलॉजिस्टच्या कॉम्प्युटरवर त्याचे आकडे दिसतात. कुठल्या स्वराला किती डेसिबल वाढवलं, ते लिहिलेलं असतं. आई जे वाढवून देत होती ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. किती वर्षं, ते तिलाही सांगता येत नाही. मी विचारलं तर म्हणाली, 'असं तारीख लावून थोडंच असतं.'

सांभाळून घेणं वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. ट्रिम नसता तर गाडी कधीच घाटात बंद पडली असती. आई नसती तर काय झालं असतं, ते मी मोजायला जात नाही. आपल्या घरांमध्ये 'सांभाळून घ्या' हे लग्नात सांगतात, नोकरीच्या पहिल्या दिवशी सांगतात, भाडेकरूला, शेजाऱ्याला, सगळ्यांना सांगतात. त्याचा आकडा कुणी विचारत नाही. पाच टक्के सांभाळणं आणि वीस टक्के सांभाळणं बाहेरून सारखंच दिसतं, गाडी दोन्ही वेळा चालत असते. फरक फक्त आत खोल कुठेतरी असतो, डोंगल लावून बघितला तरच दिसणारा. आणि घरात ज्याच्यावर हे काम पडतं त्याच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवाही नसतो.

हिअरिंग एडचा पहिला महिना बाबांना जड गेला. प्लास्टिकच्या पिशव्या फार वाजतात, ही पहिली तक्रार. मग भांडी. मग आईच्या बांगड्या. दोन वेळा त्यांनी मशीन काढून कपाटात ठेवलं, दोन्ही वेळा आईने काही न बोलता ते टेबलावर आणून ठेवलं. तिसऱ्यांदा तीच म्हणाली, 'मी आता परत परत सांगणार नाही. एकदाच सांगेन.' घरात एवढं स्पष्ट वाक्य मी तिच्याकडून पहिल्यांदा ऐकलं.

मे महिन्यात गावची जत्रा होती. या वेळी मी मागे बसले, आई तिच्या जागेवर. खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडला तसं ऊन वाढलं. आईने हात लावून काच पूर्ण वर केली आणि म्हणाली, 'एसी लावा हो.' बाबांनी लावला. लेन बदलायला इंडिकेटर दिला आणि मग बराच वेळ तो बंदच केला नाही. रस्ता सरळ होता.

'हा टिकटिक वाजतो?' त्यांनी विचारलं.

आई म्हणाली, 'पहिल्यापासून.'